संविधानाची पानं सोलापुरात मांडताना

मूळ संविधान दिल्लीत, संसदेच्या ग्रंथालयात, हवाबंद काचपेटीत जपून ठेवलंय. ते काही आपल्या गावात यायचं नाही. पण २६ नोव्हेंबरला आमच्या वाचनालयात उद्देशिकेचा नेहमीचा तक्ता तेवढा टांगायचा, हे मला पटेना.

डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियानं मूळ हस्तलिखितावरून हुबेहूब प्रती छापल्या होत्या. त्यातली एक अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. पानं उतरवून घ्यायला एक संध्याकाळ पुरली.

घोळ झाला छपाईत. पहिल्या खेपेला दुकानदारानं पान कागदाच्या मापात बसवताना चारही बाजूंची नक्षी छाटली. मी ते घेतलंच नाही. प्रेमबिहारी नारायण रायजादांचं अक्षर जितकं मोलाचं, तितकीच नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या विद्यार्थ्यांची ही नक्षी. दुसऱ्या खेपेला चकचकीत लॅमिनेशन केलं, तर ट्यूबलाइट नेमकी मजकुरावर चमकायची. शेवटी मॅट कागदावर, भोवती दोन बोटं कोरी जागा सोडून बारा पानं छापून घेतली.

निवडणुकांच्या पंधराव्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. पोरं तिथून हलेनात. उद्देशिकेपाशी एका मुलीनं विचारलं, ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द कुठे गेले? ते १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आले, हे पान त्याआधीचं, असं सांगितल्यावर तिनं पाठ्यपुस्तक काढून दोन्ही ओळी शेजारी धरून पाहिल्या. हे प्रदर्शन मला करायचं होतं ते याचसाठी.

२४ जानेवारी १९५० ला २८४ सदस्यांनी सह्या केल्या. इंग्रजीत, देवनागरीत, मौलाना आझादांची उर्दूत. बाबासाहेबांची सही सापडेपर्यंत भिंग या हातातून त्या हातात फिरत होतं.

पूर्व भागातले एक म्हातारे विणकर मामा मात्र मजकुराकडे बघतच नव्हते. नक्षीवरून बोट फिरवत म्हणाले, “मॅडम, एवढा काठ हातानं काढलाय काय ओ?” हो म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जकार्डवर बसंल हे.” जकार्ड म्हणजे कापडात नक्षी विणणारं मागावरचं यंत्र.

दुसऱ्या दिवशी ते ग्राफचा कागद आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन आले. मी खुर्ची दिली. दिवे लागेपर्यंत त्यांनी वीतभर काठ एकेक चौकट भरत उतरवून घेतला होता.