डावी किंगपिन निघाली, पण खालचा बुश अडून बसला

शुक्रवारी पहाटे सव्वापाचच्या सुमारास अंगणात बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि गच्चीवर झोपलेल्या शेजारच्या काकूंनी तिथूनच विचारले, "सिलिंडर फुटला काय हो?" फुटले काहीच नव्हते. माझ्या १९६६ च्या टाटा-मर्सिडीज गाडीची, एकोणीस दिवस तसूभरही न हललेली डाव्या बाजूची किंगपिन (पुढचे चाक जिच्याभोवती वळते ती उभी पिन) रात्रभराच्या दाबाने बीमच्या, म्हणजे पुढच्या आडव्या आसाच्या, भोकातून चार-पाच मिलिमीटर खाली सरकली होती.

मागच्या वेळी लिहिल्याप्रमाणे उजवीकडची पिन दोन घावांतच निघून आली होती, त्यामुळे डावीकडेही अर्ध्या दिवसाचे काम असेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पिन बीममध्ये जखडणारी कॉटर नावाची पाचरच निघेना, म्हणून ती ड्रिलने पोखरून काढावी लागली. त्यानंतर डिझेल आणि गिअर ऑइलचे मिश्रण रोज सकाळ-संध्याकाळ सोडले, पितळी ड्रिफ्ट लावून ठोकले आणि शेवटी अधीरपणाने दहा पौंडी घण उचलला. ही माझी मोठी चूक ठरली. पिनचे वरचे टोक छत्रीसारखे फुलले आणि ती खाली काढण्याचा मार्ग बंद झाला. बीम गॅसने लाल करून पाहण्याचा सल्ला दोघातिघांनी दिला, पण साठ वर्षांपूर्वी घडवून उष्मोपचार केलेल्या बीमला तशी आच देण्यास माझे मन तयार झाले नाही. चाक ज्या लोखंडावर टांगलेले असते, त्याच्या बळकटीची परीक्षा वर्धा रोडवर घेण्याची माझी इच्छा नाही.

मार्ग सापडला तो वाडीतल्या एका वयस्क मिस्त्रींमुळे. त्यांनी फुललेली पिन पाहून एवढेच म्हटले, "भाऊ, आता ठोकू नोका, डोस्कं फुललं त्याचं, दाबून ठेवा अन् रातभर तसंच राहू द्या." त्यानुसार पिनचे फुललेले टोक ग्राइंडरने उतरवले, जाड लोखंडी प्लेटचे दोन तुकडे आणि चार हाय-टेन्साइल स्टड घेऊन बीमभोवती चौकट उभी केली आणि तिच्यात वीस टनी बॉटल जॅक बसवला. झोपण्यापूर्वी जॅक पूर्ण ताणला, बीमवर बाजूने हातोड्याचे पाच-सहा घाव घातले आणि तसेच सोडून दिले. पहाटेचा आवाज त्याचा होता. पिन हातात आल्यावर कारणही समजले: वरच्या बुशाचे (पिनवर फिरणाऱ्या कांस्याच्या नळीचे) ग्रीस निपल आतून दगडासारख्या घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसने बंद होते, आणि तिथून शिरलेल्या पाण्याने बीममधला सगळा भाग तपकिरी करून टाकला होता. पिनच्या खालच्या टोकाला मायक्रोमीटरने सहा दशांश मिलिमीटर झीज दाखवली. ताशी चाळीसच्या पुढे स्टिअरिंगला येणारा थरकाप कुठून येत होता, हे त्यावरून उघड झाले.

त्याच दिवशी टाय रॉड एंडही (दोन्ही पुढची चाके जोडणाऱ्या दांड्याचे सांधे) सुटले. टेपर असलेल्या आर्मच्या डोळ्यावर समोरासमोरून दोन हातोडे एकाच क्षणी मारले की तो आपोआप मोकळा होतो, फाळ घालून रबरी बूट फाडण्याची गरज पडत नाही. माझ्या पुतण्याचा आणि माझा ताल तिसऱ्या प्रयत्नात जुळला आणि दोन्ही बूट शाबूत राहिले.

नव्या पिन-बुशांच्या किटबद्दल मात्र तक्रार आहे. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइम्लर-बेन्झ यांचा करार १९५४ मध्ये सुरू झाला आणि १९६९ मध्ये संपला, म्हणून जाळीवर मर्सिडीजचा तारा असलेल्या माझ्या १९६६ च्या गाडीसाठी भाग मागितले की दुकानदार पुढच्या काळातल्या गाडीचा डबा पुढे करतो आणि "सगळे एकच आहे" असे सांगतो. थ्रस्ट बेअरिंग उत्तम निघाले, परंतु शिमचा (फट भरणाऱ्या पातळ चकत्यांचा) पत्ता नव्हता. शिवाय एका बुशाचे ग्रीसचे छिद्र नकलच्या (चाक धरून पिनभोवती वळणाऱ्या भागाच्या) छिद्राशी जुळत नव्हते, आणि ते बुश ठोकून बसवल्यावर माझ्या लक्षात आले. बसवण्यापूर्वी निपलच्या भोकातून तार घालून पाहावी, ही साधी गोष्ट मी विसरलो होतो.

बुशांच्या दुसऱ्या जोडीच्या वेळी नवतपा (ऐन उन्हाळ्यातले नऊ तापते दिवस) कामी आला. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले आणि नकल दुपारी उन्हात तापत ठेवले. चाळीस मिलिमीटरचा कांस्याचा बुश पंचेचाळीस अंशांवरून उणे अठरापर्यंत नेला तर साधारण ०.०४ मिलिमीटर आक्रसतो, आणि तेवढ्या सवलतीवर दोन्ही बुश हलक्या दाबाने आत गेले. त्या दिवशी वाळ्याच्या कूलरसमोर बसून प्यायलेला चहा विशेष चांगला लागला.

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. अ‍ॅडजस्टेबल रीमरने (छिद्र अचूक मापाला कातणाऱ्या हत्याराने) मी वरचा बुश वरून आणि खालचा बुश खालून असा वेगवेगळा रीम केला. पिन प्रत्येकातून स्वतंत्रपणे लोण्यासारखी जात होती, पण वरच्यातून सरळ खाली आली की खालच्या बुशाच्या ओठावर अडत होती. लाकडी मोगरीने आत नेली तेव्हा नकल दोन्ही हातांनीही फिरेना. मार्किंग ब्लू (घासलेली जागा दाखवणारा निळा रंग) लावून पाहिल्यावर खालच्या बुशात एका बाजूला वरची कड आणि समोरच्या बाजूला खालची कड एवढेच घासल्याचे दिसले, म्हणजे दोन्ही छिद्रांचा अक्ष एक नव्हता. असे चालवले तर चाके वळणानंतर आपोआप सरळ होणार नाहीत आणि कडा महिनाभरात झिजून खेळ पुन्हा सुरू होईल. चूक सर्वस्वी माझी आहे; पायलट (दोन्ही छिद्रे एका रेषेत धरणारा मार्गदर्शक दांडा) असलेला लांब रीमर नसताना हे काम हाती घ्यायलाच नको होते.

असा रीमर भाड्याने मिळवण्याचा विचार होता, परंतु ही नोंद लिहिता लिहिताच दुसरी कल्पना सुचली आहे. उजवीकडच्या जुन्या पिनचा मधला भाग बीममध्ये स्थिर असल्यामुळे झिजलेला नाही आणि डावीसारखा गंजलेलाही नाही. किंगपिनचे कवच कडक असले तरी गाभा मऊ असतो. त्यामुळे तो तुकडा कापून, मधोमध लेथवर भोक पाडून, रीमरच्या वाढीव दांड्यासाठी मार्गदर्शक म्हणून वरच्या बुशात बसवता येईल. कॉटरची खाच त्यात आली तरी उरलेला घेर आधाराला पुरेसा आहे. खालचा बुश मात्र आता मापाला आलेला असल्याने वाया गेला. त्याच्या जागी हिंगणा एमआयडीसीत गनमेटलचा कातून घेईन आणि ग्रीसचे छिद्र नकलवरूनच आखून देईन.

स्टिअरिंग बॉक्स उघडण्याचा बेतही पुढे ढकलला आहे. काल पुतण्याला स्टिअरिंगचे चाक डावी-उजवीकडे हलवायला सांगून मी बॉक्सवर हात ठेवला, तेव्हा ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघून चाकांना वळवणारा दांडा) हलण्यापूर्वी बॉक्सच चेसिसवर किंचित सरकत असल्याचे जाणवले. बोल्टांची भोके लांबट झाली असावीत. आतले वर्म (स्टिअरिंगचा मळसूत्री गिअर) मोजण्यापूर्वी ते चारही बोल्ट काढून पाहीन. तोपर्यंत उजव्या नकलला रीमर लागणार नाही.