बरगे बसल्यानंतर

घटस्थापनेचा आदला दिवस

घाटावरचा गाळ आज काढून संपला. पाणी उतरल्यापासून आठ दिवस हेच काम चालू होतं. गाळ ओला असतो तोवर फावड्याला येतो, वरून बादलीभर पाणी ओतलं की दगड मोकळा होतो. दोन दिवसांची कडक उन्हं लागली की त्याच गाळाला टिकाव लावावी लागते. या वर्षी पोरं वेळेवर आली. सर्वात खालच्या चार पायऱ्या मात्र अजून पाण्याखाली आहेत. त्या दिसतील तेव्हा बघू.

श्रावणात होड्यांच्या शर्यती असतात तेव्हा याच घाटावर उभं राहायला जागा मिळत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाचे कठडे माणसांनी भरलेले असतात, हलगी कडाडत असते, आणि मुख्य म्हणजे आमच्या होडी क्लबच्या सभासदांची यादी एकदम लांब होते. शर्यती संपल्या की गर्दी ओसरते. मग आम्ही बारा-पंधरा जण उरतो. त्यात तीन निवृत्त माणसं, एक रिक्षावाला, दोन कॉलेजच्या मुली, तात्या आणि मी. माझ्या मते क्लब खरा सुरू होतो तो आता. शर्यतीची होडी पुढे काढायला पन्नास हात मिळतात, तीच होडी उलटी करून तळ खरवडायला आलेले चार हात मला जास्त जवळचे वाटतात.

कोजागिरी

गेल्या आठवड्यात बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायला सुरुवात झाली. एकेक बरगा खाचेत बसत गेला तशी नदी हळूहळू थांबल्यासारखी झाली. पावसाळ्यातली कृष्णा आणि ही कृष्णा एकच आहे हे नवख्याला सांगून पटायचं नाही. तेव्हाचं पाणी तांबडं, अंगावर येणारं. आताचं हिरवट आणि संथ. वर कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सुटलं तर ते कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरून आमच्यापर्यंत पोचतं, पण पोचेपर्यंत त्याचा सगळा जोर गेलेला असतो. वल्हं धरायला शिकायचं तर याच दिवसांत. पुराच्या पाण्यात माणूस फक्त टिकून राहतो. पाण्याला कुठं धरायचं आणि कुठं सोडायचं, हे हाताला या संथ पाण्यातच कळतं.

संध्याकाळी पाच वाजता दोन होड्या काढल्या. पुलाच्या कमानीखालून वर जाऊन परत आलो. हा पूल १९२९चा. खालून जाताना त्याचे दगड इतके जवळून दिसतात की कुठल्या सांध्यातून पिंपळ उगवलाय तेही मोजता येतं. आवाज घुमतो म्हणून कॉलेजच्या मुलींनी आरोळ्या दिल्या. अंधार पडायच्या आत होड्या बांधून टाकल्या. रात्री कुणीही पाण्यात उतरायचं नाही हा आमचा नियम आहे. कारण मगर. त्याबद्दल पुढे लिहीन.

दूध वरच्या पायरीवर चुलीवर आटवलं. चारोळ्या कुणी आणायच्या यावर थोडी कुरबूर झाली. भडंग मात्र चार घरांतून आलं. चंद्र वर आला तेव्हा पाणी इतकं स्थिर होतं की पुलाच्या कमानी खाली पुऱ्या गोल झाल्या होत्या, अर्धी कमान दगडाची आणि अर्धी पाण्याची. कितीतरी वेळ कुणी बोललंच नाही.

तेवढ्यात टोरंटोहून भाच्याचा फोन. तिकडे भर दुपार. तो तिथल्या एका लहानशा यॉट क्लबात जातो, सभासदांनीच चालवलेल्या. म्हणाला, "मावशी, आम्ही या आठवड्यात सगळ्या बोटी पाण्याबाहेर काढल्या." क्रेनने एकेक बोट उचलून जमिनीवर टेकूंवर ठेवतात. काहींच्या डोलकाठ्याही उतरवतात. इंजिनातलं पाणी काढून टाकायचं आणि त्यात न गोठणारं द्रव भरायचं, नाहीतर हिवाळ्यात आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि लोखंडालाही तडा जातो. वरून ताडपत्री ओढायची ती थेट वसंतापर्यंत. प्रत्येक सभासदाला वर्षात ठरावीक तास क्लबसाठी अंगमेहनत करावीच लागते म्हणे. ते ऐकून मला फार बरं वाटलं. हजारो मैलांवरची माणसं याच महिन्यात हात काळे करून बोटीच्या पोटाखाली वाकलेली आहेत.

फरक एवढाच की त्यांना पाण्याची भीती म्हणून ते बोट वर घेतात. आम्हाला भीती उन्हाची.

शनिवार

आज जुन्या होडीचं काम काढलं. सकाळी सहाला सगळे हजर. होडी आठ-दहा दिवसांपूर्वीच ओढून वर घेऊन, उलटी करून लिंबाच्या सावलीत ठेवली होती.

लाकडी होडीची गोष्ट अशी असते. पाण्यात असते तोवर फळ्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात आणि एकमेकींना घट्ट धरून बसतात. वर काढली की वाळतात, आकसतात, सांधे उघडतात. म्हणजे दुरुस्तीसाठी वाळवायला तर हवी, पण जास्त वाळवली तर फळीच तडकते. हा मधला मुक्काम ओळखणं हेच खरं कसब, आणि ते तात्यांच्या बोटांत आहे. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या नाव चालवायचं काम होतं. पूल झाला तरी पलीकडच्या मळ्यांत जायला लोक नावेनंच जायचे, तेव्हाचे किस्से ते सांगतात. ते फळीवर बोटाचं पेर वाजवतात, कान लावतात आणि सांगतात, "अजून दोन दिस ठेवा. लाकूड तहानलंय, पर तडकाय न्हाई आलेलं." दुपारच्या उन्हात ओलं गोणपाट टाकायचं, संध्याकाळी काढायचं. असं आठ-दहा दिवस.

मग सांध्यांतलं जुनं डांबर खरवडून काढायचं. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि हेच मी कुणाला देत नाही. त्याचं कारण आज पहिल्यांदा लिहून ठेवते.

२०१८च्या शरदात हीच होडी अशीच उलटी घातली होती. तेव्हा क्लबचे हिशेब माझ्याकडे होते. शर्यतीचे थोडे पैसे शिल्लक होते, दिवाळी तोंडावर होती, आणि सगळ्यांना होडी लवकर पाण्यात हवी होती. तात्या म्हणत होते, मागच्या बाजूचे तीन सांधे पुरते उकरून पुन्हा भरू या. मी म्हणाले, वरून डांबराचा एक हात आणि छान निळा रंग देऊ, पुढच्या वर्षी बघू. होडी देखणी झाली. फोटो काढले.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये काय झालं ते सांगलीत कुणाला सांगायला नको. पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझी आई गावभागात, पहिल्या मजल्यावर. ८ ऑगस्टला आम्ही तिला आणि शेजारच्या तीन बायकांना याच होडीतून काढलं. एक लहान मूलही होतं. वाड्याच्या बोळातून बाहेर पडलो आणि माझ्या पावलांना पाणी लागलं. आधी वाटलं पावसाचं असेल. मग दिसलं, मागच्या बाजूच्या सांध्यातून बारीक धार येत होती. तिन्ही सांधे तिथलेच. मी स्टीलच्या डब्याने पाणी उपसत राहिले, तात्या काही न बोलता वल्हवत राहिले. वाटेतल्या एका गच्चीपाशी होडी लावून दोघींना तिथं उतरवलं, उरलेल्यांना पोचवून पुन्हा फेरी मारली. सगळे सुखरूप पोचले. संध्याकाळी ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली. त्या रात्री मी जेवले नाही.

तात्यांनी मला आजपर्यंत एका शब्दानं बोल लावलेला नाही. पण दर आश्विनात ते खरवडणी माझ्याच हातात देतात, आणि मी ती घेते. आज तिसरा सांधा उकरताना आत त्या निळ्या रंगाची एक कपची अजून सापडली.

खरवडून झाल्यावर डांबरात भिजवलेली कापसाची वात पाचरीने आत ठोकायची, ती बसल्यावर वरून गरम डांबर. आज दीड सांधा भरून झाला. कंबर धरली आहे.

वसुबारस

किल्ल्यासाठी माती न्यायला पोरं आली. गाळ काढला तेव्हा आम्ही एक ढीग मुद्दाम बाजूला ठेवला होता. याच्यासारखी किल्ल्याची माती विकत मिळत नाही. बुरूज ढासळत नाहीत, हळीव उगवायलाही चांगली. ज्या गाळानं ऑगस्टात घरं भरतात, तो आता पिशव्यांतून घरोघरी जातोय, दारात प्रतापगड व्हायला. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ही माती कुठनं आली?" मी म्हटलं, महाबळेश्वरापासून इथपर्यंत जिथं जिथं पाऊस पडला तिथनं. भूगोलाच्या तासाला ती इतक्या लक्षपूर्वक कधी ऐकत नाही.

दिवाळीनंतरचा रविवार

पहाटे नदीवर धुकं. धोबी पक्षी घाटावर शेपटी हलवत फिरतोय, म्हणजे थंडी आली. मळ्यांतून हळदीची पानं अजून हिरवीगार आहेत. कारखान्यांची धुराडी पेटली. ऊसतोडीच्या गाड्या काल रात्रभर पुलावरून जात होत्या.

सुट्टीतल्या मुलांची तुकडी आज पहिल्यांदा पाण्यात. नऊ मुलं, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, बंद ओढून तपासलेलं. मी एकेकाच्या जॅकेटला खांद्याशी धरून वर उचलून बघते. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. यात मी कुणाच्याही आईबापाचं ऐकत नाही.

सांगलवाडीच्या बाजूला चिखलाच्या काठावर मगर होती. चांगली आठ फूट असेल. नदी उतरली की असे काठ उघडे पडतात, आणि थंड रक्ताच्या जनावराला सकाळचं ऊन हवंच असतं. त्यामुळे दिवाळीनंतर त्या जास्त दिसायला लागतात. जबडा उघडा टाकून निपचित पडली होती. पोरांना वाटलं ती धमकावतेय. तसं नाही, अंगातली जादा उष्णता ती तशी बाहेर टाकते. आमची आजी हिला सरसकट सुसर म्हणायची. पुस्तकात सुसर वेगळी, लांब चिंचोळ्या तोंडाची. कृष्णेतली ही मगरच.

औदुंबर-भिलवडीपासून इथपर्यंतच्या पट्ट्यात मगरींनी माणसं नेली आहेत, त्यामुळे मी मुलांसमोर तिचं कौतुक करत बसत नाही. पण वैरही शिकवत नाही. मधल्या धारेतून जायचं, काठाशी लगट करायची नाही, हात पाण्यात सोडून बसायचं नाही, कुणी कपडे धूत असेल तर त्याला हाक मारून सांगायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तिला पहिल्या अनुसूचीत ठेवलंय हेही सांगितलं. एक मुलगा म्हणाला, "मग नदी तिची का आपली?" मला उत्तर सुचलं नाही. तात्या म्हणाले, "ती हितं रोज असती. तू सुट्टीला येतोस."

परतताना बंधाऱ्याकडच्या अंगाला पाण्यावर तेलकट तवंग दिसला आणि वास आला. गेल्या वर्षी याच महिन्यांत मासे उलटे होऊन तरंगले होते. कुठून काय सोडलं जातं ते नदीकाठच्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि तक्रार केली की नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं. आता आम्ही होडीत झाकणाच्या बाटल्या ठेवल्या आहेत. तवंग दिसला की तिथंच बाटली भरायची, तारीख, वेळ आणि जागा लिहायची, फोटो काढायचा. रोज पाण्यावर असतो आम्हीच, तेव्हा साक्षही आम्हीच ठेवायला हवी. आजची बाटली ही या मोसमातली पहिली. देव करो आणि दुसरी भरायला न लागो.

त्रिपुरी पौर्णिमा

होडी आज पाण्यात गेली.

सगळे सांधे भरले, डांबर दोन हात दिलं. रंग या वर्षीही दिलेला नाही. काळी दिसते, आणि मला ती तशीच आवडते. सात जणांनी मिळून ढकलली. नारळ तात्यांनी फोडला. बांधून ठेवली आणि आम्ही हरिपूरला गेलो, चिंचांच्या रस्त्यानं चालत. संगमेश्वराच्या देवळात पणत्या लागल्या होत्या. खाली कृष्णेला वारणा मिळते तिथं पाणी पुन्हा वाहतं आहे असं वाटलं. आईला बरोबर नेलं होतं. ती आता पायऱ्या उतरत नाही, वरूनच हात जोडते. पुराचं ती कधी काढत नाही. आज मात्र म्हणाली, "होडी झाली का गं तुमची?" झाली म्हटलं.

येताना पुन्हा घाटावर थांबले. आमच्याही पायऱ्यांवर मुलींनी पणत्या लावल्या होत्या, पाणी उतरून दिसू लागलेल्या खालच्या चार पायऱ्यांवरसुद्धा. तात्या होडीपाशीच बसून होते. मी टॉर्च लावून आत बघितलं. तळाशी पाणी चकाकलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

"पहिल्या दिशी पिणारच ती," तात्या म्हणाले. "महिनाभर उपाशी व्हती."

टमरेल घेऊन मी उपसलं. मोजून पाच टमरेल निघाली. मागच्या तीन सांध्यांवरून हात फिरवला, ते कोरडे होते. पाणी पुढच्या बाजूनं आलं होतं, जिथं फळी अजून फुगायची आहे.

"उद्या दोन निघतील," तात्या म्हणाले. "परवा बघ."

परवा सकाळी शाळेआधी जाऊन बघणार आहे.