बिनानावाच्या पुरचुंडीतली पालेभाजी

यावलहून आतेबहिणीने पाठवलेल्या बियाण्याच्या पुरचुंड्यांपैकी एकीवर नावच नव्हते. बी करडे, टणक आणि ओबडधोबड तिकोनी होते. मृगाचा पाऊस झाल्यावर ते चोपड्यातल्या आमच्या परसात पेरले, तेव्हा वर आलेली रुंद, गोलसर दले पाहूनच हे मेथी-पालकाच्या कुळातले नव्हे, एवढे लक्षात आले. कपाशीच्या मुलखात राहणाऱ्याला अशी दले अनोळखी वाटत नाहीत.

पंचाईत झाली ती श्रावणात. बुंध्याकडची पाने अखंड आणि बदामाच्या आकाराची होती, तर शेंड्याकडची तीन, पाच अशा अरुंद, दातेरी बोटांत फाटलेली होती. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपने शेंड्याच्या पानाचा फोटो पाहून बेधडक ‘भांग’ असा निकाल दिला, आणि शेजारच्या काकूंचा आवाज एकदम खाली आला.

हा निकाल एका पानावरचा होता. अख्खे झाड पाहिले की तो टिकत नाही. भांगेच्या पानाच्या पर्णिका देठाच्या टोकापर्यंत एकमेकींपासून सुट्या असतात, तर आमच्या रोपाची बोटे कितीही खोल चिरलेली असली तरी तळाशी एकाच पात्यात मिळालेली होती. पान उलटे करून मधल्या शिरेच्या बुडाशी भिंग धरले, तेव्हा एक बारीक ग्रंथी स्पष्ट दिसली, आणि खोडावरून हात फिरवल्यावर बारीक काटे बोचले. या साऱ्या खुणा एकत्र जुळतात त्या अंबाडीतच.

पान चावून बघा, आंबट लागले की अंबाडी, असे सांगणारे पुष्कळ भेटले. हा सल्ला मला मुळीच पटत नाही, कारण परसात आणि उकिरड्यावर धोतराही आपसूक उगवतो व त्याचा एकूण एक भाग विषारी असतो. बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींना पाल्यासकट अख्खी फांदी दाखवली, त्यांनीही अंबाडीच म्हटले, आणि मगच पाला चुलीवर चढला. तो उकडून, आंबट पाणी पिळून टाकून, ज्वारीच्या कण्या आणि लसणाची सढळ फोडणी घालून केलेली भाजी कळण्याच्या भाकरीबरोबर काय लागते, हे खानदेशी माणसाला सांगायला नको.

मात्र अंबाडी दोन प्रकारची असते, आणि त्यांतली आपली कोणती हे ठरण्यासाठी फुलापर्यंत थांबावे लागले. दिवस लहान होऊ लागल्यावरच हे झाड फुलावर येते. नवरात्राच्या सुमारास भेंडीच्या फुलासारखी, पिवळसर पाकळ्यांची आणि आत गडद लाल डोळा असलेली फुले आली. लाल अंबाडीत फुलाखालची वाटी पुढे मांसल आणि लालभडक होते, व तिचेच सरबत आणि चटणी करतात. आमच्याकडे ती हिरवी, केसाळ आणि कोरडीच राहिली; म्हणजे ही पाल्याची आणि दोराच्या वाखाची साधी अंबाडी.