देवाचिये द्वारी

आळंदीपासूनच्या वारीत दिवे घाट कसा चढलो, जेजुरीत भंडारा कुणी लावला, फलटणचा मुक्काम कसा गेला, काही नीट आठवत नाही. पहाटे टँकरखाली अंघोळ, मग चाल. संध्याकाळच्या हरिपाठात 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' आलं की मला हसू यायचं. उभं राहायला पाय कुठे उरले होते?

माळशिरस सोडलं आणि डाव्या टाचेवरचा फोड टरारून फुगला. खुडूसचं रिंगण बसूनच पाहिलं. वेळापूरच्या अलीकडे धावा. इथल्या टेकाडावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून सगळे धावतात. माझी दिंडीही उतारावरून सुटली. मी चप्पल हातात घेऊन लंगडत मागे. राग आला, आणि तोही विठ्ठलाचाच.

गावाच्या तोंडाशी एका ओट्यावर टेकले. आतून म्हातारी आली. "आत या माउली." पाय चिखलाने भरलेले, उंबऱ्यावर सकाळचं हळदकुंकू. म्हटलं, इथंच बरी आहे. ती काही बोलली नाही. तांब्याभर कोमट पाणी आणलं, उंबऱ्याच्या आत बसली आणि माझा पाय धरून थेट उंबऱ्यावर ठेवला. हळदकुंकवावर. मी मागे ओढला तर खेकसलीच, "वारकऱ्याचा पाय हाय त्यो. ऱ्हाऊ दे तितंच."

सुई दिव्यावर धरली. फोडाच्या एका कडेतून दोरा घालून दुसऱ्या कडेतून काढला आणि आतच ठेवला, पाणी झिरपत राहावं म्हणून. वर हळद-तेल, जुन्या लुगड्याची चिंधी. मी पिशवीत हात घातल्याबरोबर म्हणाली, "पैशाचं बोलशील तर दोरा वढीन." मग माझ्याच पाया पडली. मी तिच्या पडले. नाव विचारायचं राहिलं.

संध्याकाळी अर्धनारीनटेश्वराच्या देवळाकडे गेले. यादवकाळचं देऊळ. जुन्या देवळांत मी मूर्तीआधी दार बघते. ललाटावर, म्हणजे चौकटीच्या वरच्या पट्टीवर, बहुधा गणपती, दोन्ही अंगांना द्वारशाखा, म्हणजे कोरीव उभ्या पट्ट्या, खाली उंबऱ्यावर कीर्तिमुख, नुसतं अक्राळविक्राळ तोंड. दार ठेंगणं, म्हणून मान वाकते. उंबरा उंच, म्हणून नजर पायाशी जाते. मंडपातला उजेड अंतराळात, म्हणजे मंडप आणि गाभाऱ्याच्या मधल्या जागेत, निम्मा होतो आणि गाभाऱ्यात समईपुरता उरतो. कीर्तिमुखाला शिवाने स्वतःचंच अंग खायला सांगितलं. तोंड तेवढं उरलं, त्याला दाराशी बसवलं. स्वतःला संपवून आत या, असं मी त्यातून घेते. एवढ्यात कर्ण्यावरून कुणाच्या तरी हरवलेल्या मोबाइलची घोषणा सुरू झाली, ती थांबेचना.

वाखरीनंतर पंढरपूर. पदस्पर्शाची रांग पत्राशेडच्याही, म्हणजे रांगेसाठी उभारलेल्या पत्र्याच्या मांडवांच्याही, मागे गेलेली. मी महाद्वाराशीच थांबले. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी पायरीची जागा मागितली आणि 1350 मध्ये इथे समाधी घेतली. आता पायरीवर कुणी पाय देत नाही, सगळे डोकं टेकतात. मागितलं काय आणि आपण देतो काय! वेळापूरच्या म्हातारीला हे बरोबर कळलं होतं.

समोर चोखोबांची समाधी. त्यांना या दाराच्या आत येऊ दिलं नव्हतं. ते 1338 मध्ये गेले. दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. तिथे उभी असताना हरिपाठातली ती ओळ मला गोड लागेना. क्षणभर उभं राहणं वेगळं आणि पिढ्यान् पिढ्या उभं ठेवणं वेगळं. तरी टाळ वाजले आणि रडू आलं, कशाचं ते ठाऊक नाही.

कळसाला हात जोडले आणि निघाले. दिंडीतली मैत्रीण भडकली. "एवढं चाललीस आणि मूर्ती न बघताच?"

"पायरी बघितली की."

"पायरी बघायला आळंदीपासून चालत यायचं?"

एसटी स्टँडपर्यंत आमचं हेच चाललं होतं. गाडीत खिडकी तिलाच मिळाली.