सत्तेचाळीस अँपिअर

आई नेहमी विचारते, "तुमच्या त्या डेटा सेंटरमध्ये लाईट जातच नसेल ना रे?" आज गेली. महापेत, भर दुपारी, आणि पूर्ण आमच्याच कर्माने.

आमच्या प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत, एक ए फीडवर, एक बी फीडवर; फीड म्हणजे विजेची वेगळी लाईन. एक गेला तर दुसरा सगळा भार उचलतो. आज मेंटेनन्ससाठी ए फीड बंद करायचा होता. मी रॅकमागे, म्हणजे सर्व्हरच्या कपाटामागे, जाऊन पीडीयूचे (सर्व्हरना वीज वाटणाऱ्या पट्ट्यांचे) आकडे बघितले: ए वर २४ अँपिअर, बी वर २३. प्रत्येक फीडचा ब्रेकर ३२ चा. दोन्हीकडे हिरवा दिवा. म्हटलं, मस्त.

बेरीज मात्र कोणीच केली नाही. मीही नाही!

ए बंद केला आणि बी वर ४७. ब्रेकर लगेच उडत नाही हो, आधी तापतो. पाच-सहा मिनिटं सगळं छान चाललं, मी चहा सांगायला फोन काढला आणि मागून खट्ट. मग पंख्यांचा आवाज उतरत गेला. एरवी त्या आवाजाने डोकं उठतं, आज शांततेने पोटात गोळा आला.

३२ च्या ब्रेकरवर सततचा भार ८० टक्केच ठेवायचा, म्हणजे साधारण २५. दोन्ही फीड मिळून तेवढंच हवं. मागच्या महिन्यात नवे सर्व्हर घुसवताना हे राहून गेलं. आता चार सर्व्हर शेजारच्या रॅकमध्ये हलवलेत, उरलेल्यांना पॉवर कॅप, म्हणजे वीज वापरावर मर्यादा, लावलीय.

आईला सांगितलं. म्हणाली, "इन्व्हर्टर नाही का तुमच्याकडे?"