इंजेक्शन आणि ताट

वजन कमी करण्याचे आठवड्याचे इंजेक्शन लिहून देण्याआधी आज विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी आमच्या अण्णांकडून आदल्या दिवशीचे सगळे खाणे वदवून घेतले, आणि संध्याकाळच्या भडंगापाशी आल्यावर अण्णांचा आवाज बारीक झाला. सेमाग्लुटाइडसारखे औषध भूक मंदावते, त्यामुळे माणूस आपोआप कमी खातो. परंतु त्या कमी खाण्यात डाळ, उसळ, अंडी, दही यांचा पुरेसा वाटा नसेल, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून चालण्याच्या जोडीला वजने उचलण्याचा व्यायामही त्यांनी त्याच चिठ्ठीवर लिहिला.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आहार-व्यायामाच्या सल्ल्यासह हे औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के घटले, तर तोच सल्ला पण औषधाऐवजी खोटे इंजेक्शन मिळालेल्यांचे अडीच टक्क्यांच्या आसपास. पुढे औषध आणि सल्ला दोन्ही थांबल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परतले. लठ्ठ माणसाला ‘मनावर घेत नाहीस’ असे ऐकवणाऱ्या नातेवाइकांनी (आमच्याकडे ते बरेच आहेत) हे आकडे जरूर वाचावेत.

अण्णा चालायला तयार झाले आहेत. अट एवढीच, की आमराईत ओळखीचे कोणी भेटता कामा नये.