‘माझी रिॲक्शन तर शिल्लक आहे!’

परवाच्या शनिवारी आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, गोष्ट रचत फाशांवर खेळायचा) खेळ जवळजवळ पाऊण तास एकाच स्पेलवर, म्हणजे जादूच्या मंत्रावर, अडकून बसला होता, आणि तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय म्हणून एकदाचं लिहून काढतो. आम्ही पाचव्या एडिशनचे २०१४ चे नियम खेळतो, डीएम (खेळ चालवणारा, शत्रूही तोच खेळवतो) मी, विझार्ड आमची ताई (माझी मामेबहीण) आणि सॉर्सरर तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा; दोघांचीही पात्रं स्पेल टाकणारी.

तर झालं असं, ताईचा विझार्ड दोन ओगरांच्या (राक्षसांच्या) मध्ये सापडला होता, हिट पॉइंट्स (जीव) ९ उरलेले, समोर ४० फुटांवर शत्रूचा जादूगार उभा. तिने बोनस ॲक्शनने (मुख्य ॲक्शनशिवाय मिळणारी छोटी कृती) मिस्टी स्टेप (क्षणात थोडं लांब नेणारा स्पेल) टाकला. मी म्हटलं, तो जादूगार काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल टाकतानाच रद्द करणारा, रिॲक्शनने टाकायचा स्पेल) टाकतोय. ती लगेच म्हणाली, मग मी त्याच्या काउंटरस्पेलवर माझा काउंटरस्पेल टाकते. मी म्हटलं, ताई, नाही चालणार. "अरे का नाही चालणार, माझी रिॲक्शन तर शिल्लक आहे!"

आणि तिचं म्हणणं एकदम बरोबर होतं, रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीला लगेच उत्तर द्यायची संधी) होती, ३ लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकताना खर्च होणारा साठा) पण होता. पण २०१४ च्या नियमात बोनस ॲक्शनने स्पेल टाकला की त्याच टर्नमध्ये (पाळीत) दुसरा स्पेल टाकता येत नाही, फक्त एक ॲक्शन लागणारी कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा साधा स्पेल) तेवढी चालते. तो दुसरा स्पेल ॲक्शनचा आहे का रिॲक्शनचा, हे नियम बघतच नाही. टर्न ताईचाच चालू होता, म्हणून अडलं. तिने मिस्टी स्टेपऐवजी डायमेन्शन डोअर (असाच, पण जास्त लांब नेणारा स्पेल) टाकला असता तर तो ॲक्शनचा स्पेल आहे, मग काउंटरस्पेलवर काउंटरस्पेल बिनधास्त टाकता आला असता. ताई म्हणाली हा अन्याय आहे. मलाही थोडं तसंच वाटलं, पण मरायला टेकलेल्या एका कॅरेक्टरसाठी नियम वाकवला की पुढच्या वेळी माझ्या जादूगारासाठीही वाकवावा लागेल, आणि मग कुणाचाच विश्वास राहत नाही.

आमची दोघांची अशी खडाजंगी चालू असताना भाचा हळूच म्हणाला, "मामा, मग आईसाठी मी टाकू का?" आणि खरंच की! बंदी फक्त बोनस ॲक्शनचा स्पेल टाकणाऱ्यावर आहे, टेबलावरच्या बाकीच्यांवर नाही. तो जादूगारापासून ६० फुटांच्या आत होता, त्याची रिॲक्शन मोकळी होती, त्याने टाकला आणि आई सुटली.

घरी आल्यावर विचार केला की आपला घोळ नेमका कुठे होतो. मला वाटतं तो भाषेत आहे. पुस्तक इंग्रजी, आणि आपण टेबलावर बोलतो मराठीत. इंग्रजीत "कुठलाही एक टर्न" आणि "तुझा टर्न" हे एका बारीकशा शब्दाने वेगळे होतात, आपण मात्र दोन्हीला सरसकट "टर्नला एकदा" म्हणून मोकळे होतो. त्यात लहानपणापासून पत्त्यात नाहीतर कॅरममध्ये पाळी म्हणजे माझी पाळी, एकदा गेली की सगळी फेरी होऊन परत येईपर्यंत आपण गप्प. इथे तसं नाही. ६ सेकंदांचा राउंड म्हणजे फेरी, आणि त्या फेरीत जेवढे लढणारे तेवढे टर्न. म्हणून तर रोगचा (Rogue, चोरट्या लढवय्याचा) स्नीक अटॅक (डाव साधून केलेला जास्तीचा मार) "टर्नला एकदा" असला तरी तो स्वतःच्या पाळीत एकदा आणि शत्रूच्या पाळीत ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निघून जाणाऱ्यावर रिॲक्शनने करायचा वार) मिळाला तर तेव्हा परत एकदा लागू शकतो.

स्पिरिट गार्डियन्सचंही तेच, म्हणजे क्लेरिकच्या (पुरोहिताच्या) भोवती आत्म्यांचा घेरा उभा करणाऱ्या स्पेलचं. २०१४ च्या शब्दांप्रमाणे एखादा प्राणी त्या १५ फुटांच्या घेऱ्यात एखाद्या टर्नमध्ये पहिल्यांदा शिरला किंवा त्याने स्वतःचा टर्न तिथे सुरू केला, की सेव्ह (बचावाचा फासा) टाकायचा. म्हणजे आमच्या फायटरने त्याच्या पाळीत ओगरला ढकलून आत घातलं तर एकदा, आणि ओगरची पाळी आत असतानाच सुरू झाली की परत एकदा. पण क्लेरिकने स्पेल टाकला तेव्हा जो आधीच जवळ उभा होता तो "शिरला" असं होत नाही, त्याला त्याच्या पाळीपर्यंत काही लागत नाही. मूनबीम नावाच्या स्पेलचा झोत कुणाच्या अंगावर नेला तरी तसंच. हे मी वर्षभर चुकीचं चालवलं होतं आणि आमच्या क्लेरिकला त्याचा उगाच फायदा झाला, तेव्हा कुणाला कळलंही नाही.

रेडी केलेल्या स्पेलबद्दलही सांगतो कारण तिथे हमखास भांडण होतं. "दार उघडलं की फायरबॉल" असं म्हणून तुम्ही रेडी करता, तेव्हा स्पेल टाकून झालेला असतो, स्लॉट गेलेला असतो, तुम्ही फक्त ती शक्ती कॉन्सन्ट्रेशनने धरून ठेवता आणि नंतर रिॲक्शनने सोडता. म्हणजे काउंटरस्पेल करायचा तो रेडी करताना. दार उघडल्यावर उशीर झालेला असतो. म्हणून भिंतीआड, कुणाला दिसणार नाही असं रेडी करून मग बाहेर येणं ही फार चांगली चाल आहे, फक्त मध्ये मार बसून कॉन्सन्ट्रेशन तुटलं तर स्पेलही गेला आणि स्लॉटही.

आता मी टेबलावर बोलायची पद्धतच बदललीय. आधी कसं व्हायचं, ताई म्हणायची "मिस्टी स्टेप टाकते" आणि मला नाव कळल्यावर मी ठरवायचो माझा जादूगार काउंटर करणार का, हे तिच्यावर अन्यायाचं होतं. आता दोन्हीकडून आधी फक्त "स्पेल टाकतेय", "स्पेल टाकतोय" एवढंच म्हणायचं आणि एक क्षण थांबायचं. कुणाला काउंटर करायचा असेल त्याने तेव्हाच बोलायचं, नाव नंतर. झॅनाथारच्या नावाच्या २०१७ च्या पूरक नियमपुस्तकात स्पेल ओळखायचा एक ऐच्छिक नियम आहे, आर्काना (जादूच्या ज्ञानाचा) चेक, डीसी (फाशाने गाठायचा आकडा) १५ अधिक स्पेलची लेव्हल, पण त्यात रिॲक्शन खर्च होते, म्हणजे जो ओळखेल त्याला काउंटर करता येत नाही. आम्ही तो घेतलाय, एकाने ओळखून ओरडायचं आणि दुसऱ्याने थांबवायचं, त्यात मजा येते. शील्ड या बचावाच्या स्पेलसाठीही असंच, "लागला" म्हणून सांगितलं की डॅमेजचे फासे टाकायच्या आधी मी थांबतो, कारण शील्डचा +५ ज्या हल्ल्यामुळे तो टाकला त्या हल्ल्यालाही लागू होतो.

ताई आता म्हणतेय २०२४ चे नियम घेऊ. तिथे बोनस ॲक्शनची भानगड गेली, एका टर्नमध्ये एकच स्लॉट खर्चून स्पेल टाकायचा, बस. साधं आहे, पण मग ॲक्शनने फायरबॉल टाकल्यावर स्वतःच्या टर्नमध्ये स्लॉट खर्चून काउंटरस्पेलवर काउंटरस्पेल टाकणं पण बंद. उलट तिथे काउंटर झालेल्या स्पेलचा स्लॉट खर्च होत नाही, म्हणजे तिचा मिस्टी स्टेप अडवला गेला असता तर बोनस ॲक्शन वाया, पण स्लॉट तसाच, आणि ॲक्शनने फायरबॉल टाकायला ती मोकळी. हे तिला सांगितल्यावर तिने ओगर दोघं किती जवळ उभे होते ते विचारलं. येत्या शनिवारी जेवणं झाली की सगळ्यांना विचारून ठरवू, भाच्याचं मत मात्र २०१४ लाच आहे.